डिग्री हातात आली, आता पहिली खुर्ची कुठली? नव्या दंतवैद्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पास होऊन काही महिने झालेले डॉक्टर माझ्यासमोर बसून जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी जनरल प्रॅक्टिस करते आणि नव्या मुलामुलींना हाताखाली घेऊन शिकवते. काही उत्तरं लांबली आहेत. ज्या जागी पहिल्या दोन वर्षांत पडलेली सवय पुढची तीस वर्षं सोबत राहते, तिथे मी हात आखडता घेतलेला नाही.

व्होकेशनल ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय? इंटर्नशिप झालेली असताना ते वेगळं कशाला?

कॉलेजात तुम्ही विभागाविभागांतून फिरता. एका विभागात दाढ काढता, दुसऱ्यात फिलिंग भरता, तिसऱ्यात कवळीची मापं घेता. व्होकेशनल ट्रेनिंगमध्ये अख्खा पेशंट तुमचा असतो. दुखतंय म्हणून आलेला माणूस, त्याच्या हिरड्या, दहा वर्षांपूर्वीची क्राउन (दातावरची टोपी), ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि पुढच्या सहा महिन्यांची योजना हे सगळं एकाच डोक्यात ठेवावं लागतं. मात्र शेजारच्या खोलीत एक अनुभवी डॉक्टर असतो, आणि तुमचं काम बघणं हा त्याच्या कामाचा ठरलेला भाग असतो.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत जनरल प्रॅक्टिस करायची असेल तर नव्या पदवीधराला हे वर्ष १९९३ पासून सक्तीचं झालं. इंग्लंडमध्ये आता त्याला फाउंडेशन ट्रेनिंग म्हणतात, स्कॉटलंडमध्ये व्होकेशनल ट्रेनिंग हेच नाव टिकून आहे. ट्रेनी पगारावर असतो, एका क्लिनिकात एका ट्रेनरसोबत काम करतो, आणि ठरलेल्या दिवशी त्या भागातले सगळे ट्रेनी शिकायला एकत्र येतात. जपानने २००६ पासून किमान एक वर्षाचं क्लिनिकल प्रशिक्षण बंधनकारक केलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अशी सक्ती नाही. न्यूयॉर्क मात्र २००७ पासून लायसन्ससाठी रेसिडेन्सीचं (देखरेखीखालच्या प्रशिक्षणाचं) वर्ष मागतं. भारतात चार वर्षांच्या बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यक पदवीच्या, अभ्यासक्रमानंतरची एक वर्षाची रोटेटिंग इंटर्नशिप पदवीच्या आतच येते, आणि ती संपली की नोंदणी करून तुम्ही स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करायला मोकळे.

नावं आणि नियम वेगळे असले तरी या सगळ्यामागची गरज एकच आहे. शिकाऊ हात आणि स्वतंत्र हात यांच्या मध्ये काही काळ कुणीतरी बघणारं असावं.

आमच्याकडे हे सक्तीचं नाही. मग काय करायचं?

स्वतः उभं करायचं. पहिली दोन वर्षं अशा ठिकाणी काढा जिथे तुमचं काम रोज कुणीतरी बघेल आणि तोंडावर सांगेल. मशीन किती आधुनिक आहे, पगार किती आहे, जागा किती चकचकीत आहे हे सगळं त्यानंतर.

आठवड्यातून एक तास ठरवून घ्या. त्या तासात तुमच्या तीन केसेस सीनियरसमोर ठेवायच्या: एक्स-रे, आधीचे आणि नंतरचे फोटो, केस पेपर. एक केस तुम्हाला आवडलेली, एक न आवडलेली, आणि एक सीनियरने स्वतः निवडलेली. ही तिसरी केस सगळ्यात जास्त शिकवते, कारण आपण दाखवायला काढलेल्या केसेस आपल्याच सोयीच्या असतात. सीनियरला खरंच वेळ नसेल, तर तुमच्याच बॅचचे चार जण मिळून हा तास चालवा. दुसऱ्याचा बाइटविंग (दात चावून काढलेला एक्स-रे) बघताना फिलिंगची जी चुकलेली कड दिसते, ती स्वतःच्यात दिसत नाही.

पहिली नोकरी निवडताना क्लिनिकात काय बघू?

एक पूर्ण दिवस नुसतं बसून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाले तर तेही उत्तरच आहे.

बसल्यावर खुर्चीकडे कमी आणि सिंककडे जास्त बघा. वापरलेली हत्यारं कुठे जातात, आधी धुतली जातात का, पाऊचमध्ये बंद होतात का, ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) फेऱ्यांची नोंद कुणी ठेवतं का. १३४ अंशांवर किमान ३ मिनिटं किंवा १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं, हे तुम्ही पाठ केलेलं आहे. गर्दीच्या वेळी तो वेळ खरोखर दिला जातो का, ते पाहा. दोन पेशंटच्या मध्ये हँडपीस (दात कोरायचं यंत्र) बदलतात की नुसता पुसतात? पुसत असतील तर तिथे थांबू नका.

मग जुने एक्स-रे मागून बघा. रूट कॅनालनंतरचे एक्स-रे काढलेले आहेत का? रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) कपाटात आहे की ट्रेवर? बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने तो १८६४ मध्ये वापरात आणला, आणि आजही कितीतरी ठिकाणी तो ‘वेळ जातो’ म्हणून डब्यातच राहतो. जिथे सीनियर स्वतः तो लावतो, तिथे तुम्हीही लावाल. तो लावत नसेल, तर सहा महिन्यांत तुम्हीही सोडून द्याल. भल्या भल्या मुलांचं हेच झालेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात दोष त्यांच्या निश्चयाचा नव्हता.

शेवटी तिथल्या असिस्टंटशी बोला. ती किती वर्षं टिकून आहे, आणि तुमच्या आधीचा नवा डॉक्टर किती महिन्यांत सोडून गेला, एवढं कळलं तरी पुष्कळ कळतं.

मुलाखतीत मी काय विचारलं तर वाईट दिसणार नाही?

हे पाचही प्रश्न विचारा. माझं काम कोण बघणार? मी अडकले किंवा अडकलो तर त्या क्षणी कोण येईल? केस पाठवायची की नाही हे कोण ठरवणार? दिवसाला किती पेशंट अपेक्षित आहेत? विमा कुणाच्या नावावर आहे? जबाबदार मालकाला यातला एकही प्रश्न उद्धट वाटत नाही.

पगार चांगला की टक्केवारी?

पहिल्या वर्षी पगार. टक्केवारीवर असलात की प्रत्येक निर्णयात पैसा हळूच येऊन बसतो. ही दाढ थोडी भरून बघूया की क्राउनच करूया, हे ठरवताना तुमचा कल कुठे जातोय हे तुम्हालाही कळत नाही. अजून निदानाची नजर तयार झालेली नसते, तेव्हा हे ओझं नको.

टक्केवारी घ्यावीच लागली तर ‘किती’च्या आधी ‘कशावर’ विचारा. समजा काम शंभराचं झालं आणि त्यातले तीस क्राउन बनवणाऱ्या लॅबला गेले. चाळीस टक्के शंभरावर धरले तर चाळीस मिळतात, लॅबचे वजा करून धरले तर अठ्ठावीस. बिल झाल्यावर मिळणार की पेशंटने पैसे भरल्यावर? सहा महिन्यांनी क्राउन निघून आली आणि परत करावी लागली तर खर्च कुणाचा? तुम्ही नोकरी सोडलीत आणि अर्धवट केसेस राहिल्या तर त्यांचं काय? हे सगळं कागदावर हवं. सोडल्यानंतर अमुक अंतरात प्रॅक्टिस करायची नाही अशी अट असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आधी कुठली कामं पक्की करावीत?

सगळे इम्प्लांटचं नाव घेतात. मी म्हणते, आधी निदान.

दुखणारी दाढ नेमकी कुठली हे ओळखणं हे या व्यवसायातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये दोन दिवसांत शिकवता येत नाही. थंड लावून बघा, ठोकून बघा, चावायला लावा, प्रोबने सगळीकडून मोजा, आणि हे सगळं शेजारच्या निरोगी दातावर आधी करा. पेशंट वरची दाढ दाखवतो आणि दुखत असते खालची, असं पुष्कळदा होतं. अशा वेळी शंका असलेल्या दाढेला भूल देऊन थांबायचं. दुखणं गेलं तर ती, राहिलं तर दुसरी. ज्या दिवशी खात्री होत नाही, त्या दिवशी काही कोरू नका. ‘मला अजून नक्की सांगता येत नाही, दोन दिवसांनी परत बघूया’ हे वाक्य पेशंटला पटतं, फक्त डोळ्यांत बघून म्हणावं लागतं.

त्यानंतर दोन दातांच्या मधलं फिलिंग. काँटॅक्ट, म्हणजे दोन दातांचा एकमेकांना होणारा स्पर्श, घट्ट हवा; कड हिरडीशी बसलेली हवी. मॅट्रिक्स (फिलिंगला आकार देणारी पट्टी) आणि वेज (ती घट्ट धरणारी पाचर) नीट बसवायला शिकलात की निम्मं काम झालं. काँटॅक्ट सैल राहिला तर पेशंट रोज जेवताना तुमची आठवण काढतो.

मग हिरड्या. खोली मोजण्याचा प्रोब प्रत्येक नव्या पेशंटच्या तोंडात गेलाच पाहिजे. एक ते तीन मिलिमीटर ठीक. त्यापुढे लिहून ठेवायचं. हलत्या पायावर सुंदर क्राउन बसवणारे डॉक्टर कमी नाहीत. त्यानंतर साधी दाढ काढणं, एका कॅनालचं रूट कॅनाल, मग दाढेचं. क्राउनची तयारी करताना प्रत्येक इम्प्रेशन (दातांचं माप) लॅबला पाठवण्याआधी भिंगाखाली कड शोधा. कड तुम्हाला दिसत नसेल तर टेक्निशियनलाही दिसत नाही, तो अंदाजाने बनवतो.

खालच्या दाढेचा ब्लॉक (नसेजवळ द्यायची भूल) लागत नाही. पेशंट ओरडतो आणि माझा हात थरथरतो. काय करू?

हा प्रश्न मुलं दार बंद करून विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देते. हा ब्लॉक अनुभवी हातांकडूनही चुकतो. तो तुमच्या एकट्याचा दोष नाही.

आधी हाडाशी गाठ कधी पडते ते बघा. सुई थोडीशीच आत गेली आणि लगेच हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. सुई जराशी मागे घ्या, सिरिंज पुढच्या दातांच्या दिशेने आणा आणि परत आत जा. सुई जवळजवळ पूर्ण गेली तरी हाडच लागत नसेल, तर टोक फार मागे आहे. तिथे औषध सोडू नका. ते लाळग्रंथीत गेलं तर चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडते आणि पेशंट हादरतो. सिरिंज दाढांच्या बाजूला न्या आणि पुन्हा हाड शोधा. नव्या मुलांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे सुई फार खाली टोचणं. दुसऱ्या वेळी थोडं वरून द्या.

ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं समजू नका. कोरण्याआधी दाढेला थंड लावून विचारा. आतली नस सुजलेली असेल तर ओठ पूर्ण बधिर असूनही दाढ जागी असते. अशा वेळी गालाच्या बाजूने आर्टिकेन या भुलीच्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन (दाताजवळच इंजेक्शन), नाहीतर दाताच्या कडेने लिगामेंटमध्ये. तेवढ्यानेही भागलं नाही तर गो-गेट्सची (हाच ब्लॉक आणखी वरून देण्याची) पद्धत शिकून घ्या; १९७३ पासून ती छापील स्वरूपात उपलब्ध आहे, तरी कॉलेजबाहेर पडताना फार थोड्यांच्या हाताला ती बसलेली असते.

आणि हिशेब. २ टक्के लिडोकेन या भुलीच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं. मुलांसाठी किलोमागे ४.४ मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर २० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त ८८ मिलिग्रॅम, म्हणजे ४.४ मिलिलिटर. १.८ मिलिलिटरच्या अडीच कार्ट्रिज (औषधाच्या नळ्या)सुद्धा नाहीत. मोठ्या माणसात हा हिशेब सहसा अडत नाही, म्हणून तो करायची सवयच लागत नाही, आणि नेमकं लहान मूल खुर्चीत असताना तो विसरतो. प्रत्येक मुलाचं वजन करा आणि केस पेपरवर लिहा.

माझा वेग फार कमी आहे. सीनियर तीन पेशंट करतात तेवढ्यात माझा एक होतो.

होऊ द्या. वेग हात पळवून येत नाही, फुकट गेलेल्या हालचाली कमी झाल्या की आपोआप येतो. एका फिलिंगला किती वेळा उठलात, किती वेळा ट्रेवर नसलेली वस्तू मागितलीत, किती वेळा बर (कोरायचं टोक) बदललात, ते एक दिवस असिस्टंटला मोजायला सांगा. बहुतेकांचा वेळ कोरण्यात जातच नाही. तो ट्रे अर्धवट लावण्यात, थुंकी आवरण्यात आणि ‘पुढे काय करू’ या विचारात जातो. काम सुरू करण्याआधी पायऱ्या मनात म्हणून बघा.

वेगाची सक्ती करून तुमच्याकडून एक्स-रे आणि तपासणी गाळून घेतली जात असेल, तर ती जागा बदला.

कुठली केस घ्यायची आणि कुठली पुढे पाठवायची?

स्वतःला एकच विचारा: यात बिघडलं तर निस्तरता येईल का? काम जमेल का, हा प्रश्न फसवतो, कारण सुरुवात बहुतेक वेळा जमते.

अक्कलदाढेचं उदाहरण घ्या. एक्स-रेमध्ये मूळ नसेच्या नळीवरून जाताना काळपट झालेलं दिसतं, नळीची पांढरी रेघ तिथे तुटलेली दिसते, किंवा नळी अचानक वळते. ही तीन चिन्हं पाठ करून ठेवा. यातलं एकही दिसलं तर ती दाढ सर्जनची. त्याच्याकडे स्कॅन काढायचा, फक्त वरचा भाग कापून मुळं ठेवून द्यायची, असे पर्याय असतात. तुमच्याकडे फक्त एलिव्हेटर (दाढ सैल करायचं हत्यार) असतो.

वाकडी मुळं, आकसलेले कॅनाल, आधी कुणीतरी केलेलं रूट कॅनाल, तोंड जेमतेम दोन बोटं उघडणारा पेशंट, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि हाडं ठिसूळ होतात म्हणून किंवा कॅन्सरसाठी घेतलेली बिस्फॉस्फोनेटसारखी औषधं: हेही पाठवायच्या यादीत. या शेवटच्या गटाबद्दल पेशंट आपणहून सांगत नाही, कारण त्याला त्या इंजेक्शनचा दातांशी संबंध वाटत नाही. मुद्दाम विचारा. दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो; तो २००३ पासून वैद्यकीय लिखाणात नोंदलेला आहे.

पाठवताना चिठ्ठीत ‘कृपया पाहावे’ एवढंच लिहू नका. काय तक्रार, काय दिसलं, काय केलं, काय औषधं चालू, आणि तुमचा प्रश्न नेमका काय. शक्य असेल तर ती केस होताना तिथे जाऊन उभे राहा. बहुतेक सर्जन आनंदाने बघू देतात.

माझ्या हातून चूक झाली तर?

होईल. माझ्या दुसऱ्या वर्षी एका खालच्या, पुढे कललेल्या दाढेत कॅनाल शोधता शोधता मी दाढेच्या तळाला भोक पाडलं. बर दाढेच्या कलाप्रमाणे धरायचा असतो, मी तो सरळ धरला होता. रक्त यायला लागलं तरी ते कॅनालचंच असेल असं मी दहा मिनिटं स्वतःला समजावत राहिले. मी त्या वेळी ज्या ठिकाणी काम करत होते तिथे दुसरं कुणी डॉक्टर नव्हतं. ती दहा मिनिटं मला अजून आठवतात; भोक दहा मिनिटांत मोठं झालं.

म्हणून पहिली गोष्ट: शंका आली की थांबा. कापूस ठेवा, हात बाजूला घ्या, एक्स-रे काढा. दुसरी: सीनियरला बोलवा, फोन करा. तिसरी: पेशंटला त्याच दिवशी, त्याच खुर्चीत सांगा. काय झालं, आता काय करता येईल, त्याचा खर्च कोण करणार. फाईल (कॅनाल साफ करायची सुई) तुटली, मूळ आत राहिलं, सायनस उघडला, सगळ्याला हेच लागू. चौथी: जे घडलं ते वेळेसकट लिहा, आणि नंतर त्या लिखाणात खाडाखोड करू नका. विमा असेल तर कंपनीला लवकर कळवा.

माझी ती दाढ एका एंडोडाँटिस्टने (रूट कॅनालच्या तज्ज्ञाने) एमटीए हे भोक बुजवायचं सिमेंट भरून वाचवली. पेशंट बाई पुढे बरीच वर्षं माझ्याकडेच येत राहिल्या. मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं नसतं तर त्या आल्या असत्या असं मला वाटत नाही.

केस पेपर किती लिहायचा? संमती म्हणजे फॉर्मवरची सही ना?

दुसऱ्या डॉक्टरने तुमचा कागद वाचून उद्या काम पुढे नेता आलं पाहिजे, एवढा. भूल कुठली, किती, कुठे दिली; रबर डॅम लावला का; कॅनालची लांबी कुठल्या खुणेपासून मोजली; पेशंटला काय पर्याय सांगितले आणि त्याने काय निवडलं.

संमती बोलण्यात असते, सही फक्त तिचा पुरावा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका प्रसूतीच्या खटल्यात स्पष्ट केलं की त्या पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगितला गेलाच पाहिजे. गायकाला ओठ बधिर राहण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणजे पेशंट काय काम करतो हे विचारल्याशिवाय संमती घेताच येत नाही.

लगेच पीजी (पदव्युत्तर शिक्षण) करू की आधी काम?

आधी काम, निदान एक वर्ष. अपवाद दोन: विषय मनात खरंच पक्का असेल तर, किंवा घरची परिस्थिती अशी असेल की नंतर परत अभ्यासाला बसता येणार नाही. भारतात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, तीन वर्षांचं आहे. ब्रिटनमध्ये फाउंडेशननंतर हॉस्पिटलात डेंटल कोअर ट्रेनिंग करून मग स्पेशालिटीकडे जाता येतं, आणि तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलकडे तेरा स्पेशालिटींच्या याद्या आहेत.

गंमत म्हणजे विषय बहुतेकदा नावडीतून कळतो. वर्षभर सगळं केल्यावर कुठल्या कामाच्या अपॉइंटमेंटने सकाळी पोटात गोळा येतो आणि कुठल्या कामाला तुम्ही दहा मिनिटं आधी पोचता, ते तुमचं तुम्हाला दिसतं. रँक मिळाली म्हणून घेतलेल्या विषयात पुढे आयुष्यभर कुढणारे सहकारी मला माहीत आहेत.

आणि जनरल प्रॅक्टिशनर राहणं हा ‘काही जमलं नाही म्हणून’ उरलेला पर्याय आहे, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे दात बघणं हे स्वतंत्र कौशल्य आहे.

दोन दिवसांचे इम्प्लांट किंवा अलायनरचे (दात सरळ करायच्या पारदर्शक साच्यांचे) कोर्स करू का?

पहिल्या वर्षी नको. कोर्स करायचाच असेल तर ज्यात तुमच्या हाताने काम करून घेतात आणि नंतरही केसेस बघतात असा करा. कोर्स विकणाऱ्या कंपनीचंच सामान वापरायला शिकवत असतील, तर ते प्रशिक्षण आहे की विक्री, याचा शांतपणे विचार करा. अलायनर कंपनीचं सॉफ्टवेअर दात हलवण्याची योजना आखून देतं. मुळं हाडाबाहेर जाणार नाहीत याची जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची.

स्वतःचं क्लिनिक लगेच काढलं तर?

कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना दाढ वाचवायची की काढायची हे ठरवणं फार कठीण असतं. शिवाय तिथे तुमचं काम बघणारं कुणी नसतं. दोन-तीन वर्षं थांबा. काढावंच लागलं तर आठवड्याचे दोन दिवस दुसऱ्या अनुभवी डॉक्टरकडे काम चालू ठेवा, आणि पहिल्या खरेदीत एक्स-रे आणि ऑटोक्लेव्ह यांवर कंजुषी करू नका. खुर्ची साधी चालेल.

परदेशात जायचं आहे. कधी ठरवू?

लवकर, कारण परीक्षा लांब पडतात. ब्रिटनसाठी ओआरई ही परीक्षा, ऑस्ट्रेलियासाठी एडीसी या संस्थेची, कॅनडासाठी एनडीईबी या संस्थेची. अमेरिकेत आयएनबीडीई ही परीक्षा द्यावी लागते, आणि बाहेरून शिकून आलेल्या बहुतेकांना तिथे पुन्हा दोन-तीन वर्षं डेंटल स्कूलमध्ये घालवावी लागतात. त्या तयारीच्या काळात क्लिनिक सोडू नका. यातल्या कितीतरी परीक्षांमध्ये हाताचं काम तपासतात, आणि वर्षभर नुसती पुस्तकं वाचलेला हात परीक्षकाला लगेच ओळखू येतो.

पाठ दुखते. लूप्स (डोळ्यांवर लावायची भिंगं) आत्ताच घेऊ का?

घ्या, पण मान किती वाकते हे मोजून, स्वतःच्या बसण्याच्या अंतराला जुळवून. चुकीच्या कोनाची लूप्स मान आणखी वाकवतात. आधी फुकटचा उपाय करा: पेशंटला पूर्ण आडवं करा, वरच्या दातांना त्याची हनुवटी वर करायला सांगा, तुम्ही डोक्यामागे बसा आणि आरशात बघून काम करायला शिका. पेशंटला हलवायला संकोचू नका. तो अर्धा तास खुर्चीत असतो, तुम्ही आयुष्यभर.

लॅबशी माझं सारखं वाजतं. क्राउन बसतच नाहीत.

एक सुटीचा दिवस लॅबमध्ये जाऊन बसा. तुमचीच मॉडेल्स टेक्निशियनच्या टेबलावर बघा. किती क्राउनना पुरेशी जागा दिली नव्हतीत, किती ठिकाणी कड तुटलेली होती, ते तो हसत दाखवेल. हा एक दिवस कुठल्याही महागड्या कोर्सच्या तोडीचा आहे.

मला वाटतं मी चुकीच्या व्यवसायात आले आहे.

हे पहिल्या वर्षी मला बहुतेक जण सांगतात, आणि सांगताना आपण एकटेच आहोत असं त्यांना वाटत असतं. दिवसभर बंद खोलीत, घाबरलेल्या माणसांच्या तोंडात, मिलिमीटरमध्ये काम करणं थकवतं. त्यात मदतीला कुणी नसेल तर थकवा भीतीत बदलतो. मी आधी एवढंच विचारते: हे ठिकाण नकोसं झालंय की हे काम? जागा बदलून दोन महिने बघा. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, आपण नसलेलंच बरं असे विचार येत असतील, तर ते ट्रेनिंगच्या पलीकडचं आहे. आजच घरच्या माणसाला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

कामच नको असेल तर वाटा आहेत: सार्वजनिक आरोग्य, अध्यापन, संशोधन, सैन्यदलातली सेवा, न्यायवैद्यक दंतशास्त्र. पदवी वाया जात नाही.

उद्या पहिला दिवस आहे. गेल्या गेल्या काय करू?

अर्धा तास आधी जा. असिस्टंटचं नाव विचारा आणि ट्रे ती कशी लावते ते तिच्याकडून समजून घ्या. मग इमर्जन्सीची पेटी कुठे आहे ते विचारा आणि स्वतः उघडून बघा: ॲड्रिनलिन, ॲस्पिरिन, ग्लुकोज, इनहेलर, जिभेखाली मारायचा नायट्रेटचा स्प्रे. प्रत्येकाची तारीख वाचा. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडून काटा हलतो का बघा. मोठ्या माणसाला तीव्र ॲलर्जीत ॲड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, हे पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात चिकटवलेलं नसेल तर चिकटवा. मग सीनियरच्या खोलीत जाऊन सांगा, ‘आज माझ्या पहिल्या तीन केसेस संध्याकाळी तुम्हाला दाखवते,’ आणि वेळ ठरवून घ्या.